आधी अंग हलतं, मग मेंदू शिकतो

इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नीरा जिथे भीमेला मिळते, तिथे नरसिंहपूर आहे. वर सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या नावाशी जोडलेलं लक्ष्मी-नृसिंहाचं मंदिर, खाली घाट, पाण्यापलीकडे सोलापूर जिल्हा. कयाधू गरोदर असताना नारदांच्या आश्रमात राहिली आणि पोटातल्या प्रल्हादाने नारदांचा उपदेश ऐकला, ही भागवतातली कथा. तो आश्रम याच संगमावर होता, असं इथली मंडळी सांगतात. कितीतरी मराठी घरांचं हे कुलदैवत, आणि कुलदैवत म्हटलं की नवं बाळ देवाच्या पायावर घालायला आणणं आलंच.

रांगेत उभं असताना कुणाच्या तरी खांद्यावरचं तसं एखादं बाळ पाच मिनिटं निरखून बघा. मुठी वळतात, पाय झाडले जातात, झोपेत एखादं बोट उडतं. मेंदू हुकूम सोडतो आणि हातपाय तो पाळतात, असं आपण शाळेत शिकलो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. बाळाच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेने चालते. आधी अंग हलतं, त्या हलण्याची खबर मेंदूला पोचते आणि त्या खबरींवर मेंदूतलं हालचालीचं खातं उभं राहतं. ते पुरतं उभं राहायला वीस वर्षांहून जास्त काळ लागतो. या प्रवासातल्या काही भन्नाट गोष्टी इथे मांडतो.

ऐकण्याच्या आधी हलणं

पोटातलं बाळ ऐकू लागतं ते सहाव्या महिन्याच्या सुमाराला. हलायला मात्र ते त्याच्या किती आधी लागतं! गर्भ सात-आठ आठवड्यांचा असतानाच सोनोग्राफीत त्याची पहिली वळवळ दिसते. आईला ती जाणवते पाचव्या महिन्याच्या आसपास, कारण तोवर बाळ इतकं लहान असतं की त्याच्या लाथेत जोर नसतो. या काळात मेंदूचा वरचा थर, म्हणजे पुढे हातापायांवर हुकूमत गाजवणारा भाग, अजून बांधला जात असतो. हलवतात ते मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा देठ.

सटवाई हसवते तेव्हा

झोपलेलं तान्हं मधेच हसलं की आजी म्हणते, सटवाई हसवतेय. हसण्याबरोबर आणखीही काही चाललेलं असतं. बोटं टुणकन उडतात, पापण्या थरथरतात, पायाचा अंगठा झटका देतो. पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांनाही वाटायचं की ही स्वप्नांची सांडलवंड आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या मार्क ब्लंबर्ग यांनी आधी उंदरांची पिल्लं आणि मग माणसाची बाळं तासन्‌तास निरखली, आणि चित्र पालटलं.

पिल्लाचा पाय झोपेत उडाला की त्या उडण्याची जाणीव मेंदूतल्या हालचालीच्या भागाकडे जाते आणि तो भाग त्या क्षणी लख्ख जागा होतो. जन्मानंतर साधारण दीड आठवडा उंदराच्या पिल्लात हा भाग हुकूम सोडतच नाही, नुसता ऐकतो. कोणता झटका कोणत्या पायाचा, कोणती जाणीव कोणत्या बोटाची, याची नोंद घेतो. झोपेत एका वेळी एखादंच बोट उडतं, आजूबाजूला दुसरा गोंधळ नसतो, त्यामुळे नोंद स्वच्छ होते. जागेपणी सगळेच हातपाय एकदम चालतात, तेव्हा हे जमत नाही.

आपलं तान्हं बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं आणि त्यातली निम्मी झोप अशा चळवळ्या प्रकारची असते. मोठ्या माणसात हे प्रमाण पाव भागाच्या आसपास येतं. मला या सगळ्यात हे सर्वांत विलक्षण वाटतं: झोपलेलं बाळ स्वतःच्या देहाचा नकाशा काढत असतं. बोटं उडतात म्हणून त्याला उठवून बघू नका. त्याचं काम चाललंय.

घट्ट पकडलेलं बोट

तान्ह्याच्या तळव्यात बोट ठेवलं की ते घट्ट धरतं. मामा म्हणतो, मला ओळखलं. बाळाने ओळखलेलं नसतं, पण ही पकड त्याहून कमी नवलाची नाही. तळव्याला स्पर्श झाला की मूठ मिटायची, ही सोय जन्मतःच येते आणि पाच-सहा महिन्यांत मावळते. डोक्याचा आधार अचानक गेला की बाळ हात फैलावून दचकतं, त्या दचकण्याला एर्न्स्ट मोरो या ऑस्ट्रियन डॉक्टरांचं नाव आहे. तेही काही महिन्यांत जातं.

तळपायाची परीक्षा तर घरीही दिसते. मोठ्या माणसाच्या तळव्याच्या कडेने बोथट वस्तू ओढली की अंगठा खाली वळतो. बाळाचा अंगठा वर उठतो आणि बोटं पंख्यासारखी पसरतात. जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली हे मांडलं. मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला तर डॉक्टर काळजीत पडतात, पण वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या बाळात ते अगदी ठीक आहे. कारण मेंदूपासून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण अजून चढलेलं नसतं. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं हे वेष्टण. ते चढलं की संदेशांचा वेग कित्येक पटींनी वाढतो. पहिल्या दोन वर्षांत हे काम झपाट्याने होतं आणि पुढे किशोरवयापर्यंत हळूहळू चालू राहतं.

पाण्यात परत सापडलेली चाल

नवजात बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले की ते चक्क पावलं टाकतं. दोनेक महिन्यांत ही पावलं गायब होतात. मेंदू मोठा झाला आणि त्याने ही आदिम सवय दाबून टाकली, असं पाठ्यपुस्तकं सांगत. एस्थर थेलन या संशोधक बाईंना ते पटेना. आडवं निजलेलं तेच बाळ सायकल मारल्यासारखे पाय चालवतंच की! मग दाबलं काय?

१९८० च्या दशकात त्यांनी पावलं थांबलेल्या बाळांना छातीएवढ्या पाण्यात धरलं. पावलं परत आली. उलट, पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायाला छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली. उत्तर साधं निघालं. पहिल्या दोन महिन्यांत मांड्यांवर चरबी चढते आणि पाय जड होतात. ते उचलायला स्नायूंत पुरेसं बळ नसतं. पाण्याने वजन उचललं की पाय आपोआप चालतात. संगमात पोहायला शिकणाऱ्या पोरांना पाण्यात अंग हलकं होतं हे कुणी सांगावं लागत नाही. थेलनबाईंनी त्यातून विकासशास्त्रातलं एक कोडं सोडवलं.

बडोद्याच्या फाटकबाई

‘आमचा अजून बसत नाही, शेजारचा तर रांगतोय’ ही काळजी प्रत्येक अंगणात ऐकू येते. पण बाळाने कधी काय करावं हे ठरवायचं कशावरून? बराच काळ आपल्याकडे अमेरिकेतल्या बाळांवरून बेतलेले आकडे वापरले जात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी इथल्या बाळांची इथेच मोजणी केली. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी मोजपट्टीचा आधार घेऊन त्यांनी बडोद्याच्या बाळांचे निकष तयार केले. ते १९७० साली आले. पुढे त्यातूनच भारतीय बाळांच्या विकासाची मोजपट्टी झाली. तिची सुधारित आवृत्ती १९९७ ची. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या या मोजपट्टीत हालचालीच्या ६७ पायऱ्या आहेत आणि बौद्धिक वाढीच्या १६३. आजही देशभरातले बालविकासतज्ज्ञ ती वापरतात. मराठी घरांत हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही पाच देशांतल्या बाळांची पाहणी केली. त्यात भारत होता, दिल्लीची बाळं होती. २००६ साली आलेले त्यातले आकडे प्रत्येक आजीला सांगावेत असे आहेत. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढी ऐसपैस मुदत! आणि सुमारे ४ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, बाकीच्या पायऱ्या चढत थेट चालू लागली. ती अगदी ठणठणीत होती.

तासाला १७ वेळा धप्प

चालायला शिकणारं मूल किती पडतं? न्यूयॉर्कच्या कॅरन अडॉल्फ यांनी मोजलं. १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. आणि सरळ रेषेत चालतं कोण? वळतात, थबकतात, मागे येतात, भलतीकडेच जातात. या गोंधळातूनच मेंदूला तऱ्हेतऱ्हेचा सराव मिळतो. नरसिंहपूरच्या देवळाच्या आवारात दुडुदुडु धावणाऱ्या पोराला फरशी, उंबरठा, दगडी पायरी आणि ओली जागा असे चार धडे एकाच फेरीत मिळतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपला जुना लाकडी पांगुळगाडा ढकलत मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं, तो ठीक. बाजारात मिळणारा गोल वॉकर, ज्यात मूल झोळीत बसतं, तो मात्र घेऊ नका. त्यात मुलाला स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही आणि पायऱ्यांवरून गडगडण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

मेंदूची चाल

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूच्या विजेची नोंद घेतली. त्या नोंदीत लहरी दिसतात. त्यातल्या दोन लहरी हालचालीशी बांधलेल्या आहेत.

पहिली म्यू. डोक्याच्या मध्यावर, हालचालीच्या भागावर ती उमटते. माणूस स्वस्थ असतो तेव्हा ती जोरात असते, हात हलवला की विरते. बाळात ती सेकंदाला ६ ते ९ वेळा धडधडते, मोठ्या माणसात ८ ते १३. म्हणजे मूल मोठं होतं तशी लहर जलद होत जाते. यातली खरी गंमत नवव्या महिन्यात दिसते. बाळ स्वतः काही करत नसतं, समोरचं माणूस वाटी उचलताना ते फक्त बघत असतं, तरी त्याची म्यू विरते. आई कणीक मळते आणि बाळ टक लावून बघतं, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या हालचालीच्या भागातही काहीतरी चाललेलं असतं.

दुसरी बीटा, सेकंदाला १५ ते ३० वेळा. हालचाल करताना ती दबते, आणि हालचाल संपली की क्षणभरात उसळी मारून आधीपेक्षाही वर जाते. काम झालं, ठरवल्याप्रमाणे झालं, आता थांब, असं मेंदू स्वतःला सांगत असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. २०१० साली विल्यम गेट्झ आणि सहकाऱ्यांनी ४ ते ६ वर्षांची मुलं, ११ ते १३ वर्षांची मुलं आणि प्रौढ यांना एकच साधं काम दिलं: बोट हलवायचं. मेंदूभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजून त्यांनी ही उसळी टिपली. प्रौढांत ती दणदणीत होती, लहानग्यांत अगदी अशक्त. हालचाल सुरू करणं मुलाला लवकर जमतं, पण ती नेमकी संपवून ठामपणे थांबण्याचं काम मेंदूत वर्षानुवर्षं पिकत राहतं. जेवताना पाय हलवणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला ‘स्वस्थ बस’ म्हणून ओरडण्याआधी हे आठवावं.

लिहिताना जीभ बाहेर का येते?

पहिलीतलं मूल पेन्सिल दाबून ‘क’ गिरवतं तेव्हा त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघा. ती बोटंही हलत असतात. जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते, कधी पायाचा अंगठाही वळतो. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा जाड पट्टा अजून तयार होत असतो. एका बाजूचा हुकूम दुसऱ्या बाजूला सांडू न देणं त्याला पुरतं जमत नाही. दहाव्या वर्षाच्या आसपास हे बहुतेक थांबतं. तुम्ही सुईत दोरा ओवताना तोंड वाकडं करत असाल, तर त्याचा थोडासा अंश तुमच्यातही उरला आहे.

नकाशात सापडलेला नवा मुलूख

कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतस्पर्श करून हालचालीचा नकाशा काढला. वर पाय, मध्ये हात, खाली तोंड. हा नकाशा जगभरच्या पुस्तकांत गेला. २०२३ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या इव्हान गॉर्डन आणि निको डोसेनबाख यांच्या चमूने दाखवलं की पाय, हात आणि तोंड यांच्या मधे तीन वेगळे ठिपके आहेत. ते एकेक अवयव हलवत नाहीत. ते एकमेकांशी आणि बेत आखणाऱ्या, शरीराचा आतला कारभार सांभाळणाऱ्या भागांशी जोडलेले आहेत. कृती करायचं ठरवणं आणि अख्खं शरीर त्यासाठी तयार करणं, हे त्यांचं काम असावं.

आता वयाचा मुद्दा. याच चमूने एका नवजात बाळाचा, ११ महिन्यांच्या बाळाचा आणि ९ वर्षांच्या मुलाचा मेंदू तपासला. नवजातात हे जाळं दिसलंच नाही. ११ महिन्यांच्या बाळात ते हजर होतं. ९ व्या वर्षी जवळजवळ मोठ्यांसारखं. म्हणजे बाळ उभं राहून ‘तो चेंडू मला हवाय’ असं ठरवू लागतं, त्याच वयात हे ठिपकेही दिसू लागतात.

डोसेनबाख यांनी त्याआधी आणखी एक धाडस केलं. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, हात मोडलेला नसताना, दोन आठवडे हाताला प्लास्टर घातलं आणि रोज मेंदूची तपासणी करून घेतली. २०२० साली निष्कर्ष आले: दोनच दिवसांत त्या हाताचा मेंदूतला भाग हालचालीच्या बाकी जाळ्यापासून सुटा पडू लागला. प्लास्टर काढून हात वापरायला लागताच जोडणी परत आली. वापरलं नाही तर प्रौढ मेंदूही असा पटकन बदलतो. मग वाढत्या मेंदूचं काय, हे सांगायला नको.

हात तयार, आवर बाकी

अमेरिकेतल्या एका अभ्यासात १३ मुलांचे मेंदू दर दोन वर्षांनी तपासत गेले, ४ ते २१ या वयांच्या दरम्यान. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. सर्वांत आधी पक्व होतात ते हालचालीचे आणि स्पर्शाचे भाग. खूप उशिरा, विशीच्या आसपास, कपाळामागचे विचार करणारे आणि आवर घालणारे भाग. म्हणूनच बारामती-इंदापूर रस्त्यावर सोळा वर्षांचा मुलगा मोटरसायकल सफाईने वळवतो, पण समोर ऊसाची ट्रॉली दिसत असताना ओव्हरटेक करू नये हे त्याला वेळेवर सुचत नाही. किल्ली देताना आईबापांनी मुलाच्या हाताची सफाई बघून निर्णय घेऊ नये.

आणि याच रस्त्यावरून आषाढात तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडी आणि इंदापूरला गोल रिंगण, सराटीला नीरास्नान. साठीच्या बाया फुगडी घालतात आणि गरगर फिरून थांबल्यावर पाय रोवून उभ्या राहतात. त्यांचा तोल सांभाळतो लहान मेंदू. नाव लहान, पण माणसाच्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज एकट्या त्याच्यात असतात.

पुण्याने धरलेला धागा

बाळपणापासून तरुणपणापर्यंत त्याच मुलांचा पाठपुरावा करणं महाकठीण काम. लोक घरं बदलतात, मुलं कंटाळतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं त्यांनी अठराव्या वर्षापर्यंत धरून ठेवली. बाराव्या वर्षीच्या तपासणीत या मुलांची सरासरी बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत निघाली, पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा थोडी कमी. पण डोळ्यांनी बघून हाताने करायच्या कामांत आणि एकूण हालचालींच्या कौशल्यात ती मागे होती. गणितात आणि लेखनातही अडचणी होत्या. अशा मुलाला घरी ‘धांदरट’ आणि शाळेत ‘आळशी’ म्हटलं जातं. दोन्ही शब्द अन्यायाचे आहेत. त्याचं कारण त्याच्या जन्माच्या वजनापाशी असू शकतं, आणि लवकर कळलं तर सरावाने बरंच भरून काढता येतं.

लवकर किती लवकर? व्हिएन्नात जन्मलेले हाइन्झ प्रेख्टल यांनी दाखवलं की तीन ते पाच महिन्यांच्या निरोगी बाळाचं अख्खं अंग सतत बारीक, नाजूक, सगळ्या दिशांनी चुळबुळत असतं. ही चुळबूळ नसेल तर पुढे सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे हालचालीवरचा ताबा बिघडवणाऱ्या मेंदूच्या विकाराचा, धोका मोठा असतो. जाणकार डोळ्याला ती काही मिनिटांच्या व्हिडिओतही दिसते.

कार्ड काढा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात, तेही फुकट. घरोघरी प्लास्टिकच्या पिशवीत, लसीकरणाच्या तारखांसाठी जपलेलं माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्यातच बाळाने कोणत्या महिन्यात काय करावं याची चित्रं आहेत. तारखा बघता तशी ती चित्रंही बघा. चार महिने होऊनही मान सावरत नाही, नऊ-दहा महिने होऊनही बसत नाही, दीड वर्ष झालं तरी एकटं चालत नाही, वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत धरून ठेवतं, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं, यांपैकी काहीही दिसलं तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. ऊसतोडीला फडावर येणाऱ्या कुटुंबांनी बाळाचं कार्ड गावी ठेवू नये, बरोबर आणावं. आणि गावकऱ्यांनो, फडावर झोळीत झुलणारी अशी बाळं दिसली तर अंगणवाडीत तेवढं कळवा.